'तुमच्याकडे काय सांगतात रे?'

पत्र थोडक्यात: नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवीला इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी लिहिलंय. वर्गात ५८ मुलं. इंदोऱ्याची, मोमीनपुऱ्याची, जरीपटक्याची, महाल-इतवारीतली; दोन गोंड मुली वसतिगृहात राहणाऱ्या. 'समतेचा लढा' हा पाठ चालू होता. पुस्तक कोरडं राहू नये, मुलांनीही बोलावं, म्हणून मॅडमनी तिसऱ्या बाकावरच्या, इंदोऱ्याच्या एका मुलाला विचारलं, "तुमच्याकडे बाबासाहेबांबद्दल काय सांगतात रे? सांग सगळ्यांना." मुलगा उभा राहिला, काही बोलला नाही, बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी त्याची आई आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, त्याले मधल्या सुट्टीत पोट्टे 'तुमच्याकडे, तुमच्याकडे' म्हणून चिडवून राहिले." हीच मुलं सातवीत असताना मुघलांचं नाव निघालं की अख्खा वर्ग एका मुलीकडे वळून बघायचा, हेही मॅडमना आता आठवतंय. स्टाफरूममधले ज्येष्ठ सर म्हणतात, "इतिहास जसा आहे तसा शिकवा. कशाला जातीपातीत शिरता?" मॅडम स्वतः महाल भागात, सवर्ण घरात वाढलेल्या. त्या विचारतात: मी जवळ घ्यायला गेले आणि मूल लांब गेलं. आता बोलावं की गप्प बसावं?

नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बिचाऱ्या चांगल्या मनानं करायला गेल्या आणि अंगाशी आलं. दुसऱ्यांदा त्या आईच्या बोलण्यापाशी अडले. चिडवायला पोरांना जातीवरून शिवी शोधावी लागली नाही. त्यांनी तुमचाच शब्द उचलला. त्याचा अर्थ त्यांना बरोब्बर कळला होता. तुम्हाला तो कळला नव्हता, आणि त्यात तुम्ही एकट्या नाही.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत दोन्हीला 'हम' चालतं, म्हणून घरी हिंदी बोलणारी आपली नागपूरची मुलं सुरुवातीला इथं हमखास अडखळतात. 'आम्ही जेवायला जातो' म्हणजे तू इथंच थांब. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तूही चल, तुझंही पान मांडलंय. इतिहासाचा सगळा तास आपण मास्तर लोक या दुसऱ्या शब्दावर चालवतो. आपण लढलो. आपल्यावर आक्रमण झालं. आपल्याकडे अस्पृश्यता होती. या शेवटच्या वाक्यातलं 'आपण' म्हणजे कोण, हे एकदा स्वतःला विचारून बघा. पाणवठ्यावर अडवणारा की अडवला गेलेला? दोघांना एका शब्दात कोंबलं की अडवणारा अलगद सुटतो. आणि मग त्याच तासाला एका मुलाला 'तुमच्याकडे' म्हटलं, की बाकीच्या ५७ जणांचं 'आपण' पक्कं होतं आणि तो एकटा उंबऱ्याबाहेर उभा राहतो.

तुमच्या मनात असलं काही नव्हतं, मान्य. माझ्याही नव्हतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत नवी, नववीची वर्गशिक्षिका. वर्गात एक गोवारी मुलगा होता. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि नंतर त्याला उभं केलं. म्हटलं, तुझ्या समाजाचं दुःख वर्गाला सांग. मला वाटत होतं मी त्याला मान देतेय. तो बाकाच्या फटीत नख फिरवत उभा राहिला, घंटा होईपर्यंत. पुष्कळ वर्षांनी सीताबर्डीवर भेटला, बायको-मुलांसकट. आग्रहानं चहा पाजला. निघताना हसत म्हणाला, "मॅडम, तुम्ही मले त्या दिवशी उभं काऊन केलं होतं? मले वाटलं, माह्याकडून काही चुकलं."

वर्गात मूल दोन कारणांनी उभं राहतं. उत्तर येत असतं म्हणून, नाहीतर चूक झाली म्हणून. त्याला कोणतं उत्तर येत होतं? त्याच्या घरचं त्या मोर्चात कोण गेलं होतं, हेसुद्धा मी त्याला कधी एकट्यात विचारलं नव्हतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेते. बोलावं की गप्प बसावं, हा पेच तुम्ही स्वतःला घातलाय. बोलायचं तर आहेच. पण साक्षीला कोणाला उभं करायचं? आत्तापर्यंत तुम्ही मुलाला केलंत. त्याऐवजी कागदाला करा, जागेला करा, आकड्याला करा. मूल इतरांसारखं बाकावर बसून ती साक्ष ऐकेल, तिला उलटे प्रश्न विचारेल, वाटलं तर स्वतःच्या घरचं काही आपणहून सांगेल. नाही वाटलं तर नाही सांगणार. तो त्याचा हक्क आहे.

तुमच्या ज्येष्ठ सरांचं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं त्यांना मोकळेपणानं देऊन टाका. आडनावावरून मुलाची जात हुडकून तिच्यावर तास बेतणं वाईटच. दुसरं अर्धं मात्र चालायचं नाही. 'जसा आहे तसा' इतिहास पुस्तकात नसतो. तिथं कोणीतरी वेचून ठेवलेला असतो. जसा आहे तसा बघायची हौसच असेल तर सीताबर्डीच्या टेकडीकडे बोट दाखवा.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. एकीकडे आप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसरीकडे इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सची तुकडी. आपण हरलो, असं आपण शिकवतो. तिथं होतं कोण कोण? भोसल्यांच्या बाजूनं चिवटपणे लढले ते पदरी ठेवलेले अरब शिपाई. टेकडी धरून बसले होते ते मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २० व्या आणि २४ व्या पलटणींचे शिपाई, म्हणजे दक्षिणेतली आपलीच माणसं. ऐनवेळी हल्ला चढवून पारडं फिरवलं ते बंगाल घोडदळानं. गोरे होते, पण हुकूम देणारे, मूठभर. ही यादी फळ्यावर लिहायची, मध्ये एक उभी रेघ मारायची आणि खडू मुलांच्या हातात द्यायचा: 'आपण' या शब्दाखाली कोणाला घालता? मी हा तास वर्षानुवर्षं घेतला. दरवेळी वर्ग भांडला, आणि दरवेळी वेगळ्याच रेषेवर भांडला. एकदा शेवटच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, यांचे पगार कोण देऊन राहिलं होतं?" पुढचे दोन तास त्या पगारात गेले. पोर्शन राहिला मागे, पण सैन्य म्हणजे काय, राज्य म्हणजे काय हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

त्याच्याही मागे जा. हे शहर वसवलं बख्त बुलंद शाहानं. देवगडचा गोंड राजा. औरंगजेबाच्या दरबारात गेला, इस्लाम स्वीकारला, राज्य परत मिळवलं. १७०२ च्या सुमारास इथल्या बारा लहान वाड्या जोडून नागपूर उभं केलं. आणि बादशहा दख्खनेत अडकलाय असं दिसल्यावर त्याच्याच मुलखात लूट केली. 'बख्त बुलंद' म्हणजे थोर नशिबाचा. औरंगजेब इतका चिडला, की याला यापुढे 'निगून बख्त' म्हणा, फुटक्या नशिबाचा, असं त्यानं फर्मावल्याची गोष्ट जुन्या गॅझेटियरात आहे. या नावावर वर्ग खदखदून हसतो. हसू द्या. मग विचारा, या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं? गोंड? मुसलमान? मुघलांचा मांडलिक? मुघलांचा वैरी? चारही खरं आहे, आणि चारही एकाच माणसाच्या आयुष्यातलं. वसतिगृहातल्या त्या दोघींकडे बघून 'तुमचा राजा' तेवढं म्हणू नका. शहराचा राजा म्हणा. आणि एक तुम्हाला विचारते, रागावू नका. तुम्ही महालात वाढलात. गोंड राजांचा किल्ला तुमच्या घरापासून किती पावलांवर होता, आणि तो तुम्हाला शाळेत कोणी शिकवला होता का?

आता त्या मुलीकडे वळलेल्या माना. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे शिवाजी महाराजांच्या पदरच्या मुसलमान सरदारांची यादी वाचणं: नूरखान बेग, सिद्दी इब्राहिम, दौलतखान. नावं खरी आहेत, ती आपापल्या ठिकाणी यायलाच हवीत. पण माना वळल्या की लगेच ही यादी काढली, तर त्या पोरीला कळतं की हा माझ्यासाठी जामीन भरणं चाललंय. तिनं काय केलंय म्हणून जामीन? त्यापेक्षा १६६५ चा पुरंदर घ्या. मुघलांचा सेनापती आमेरचा मिर्झाराजा जयसिंह, त्याच्याबरोबर दिलेरखान. तहात २३ किल्ले गेले. किल्ला गेला म्हणजे नेमकं काय गेलं, त्याच्या भोवतालच्या मुलखाचा महसूल आता कोणाच्या तिजोरीत, जयसिंह बादशहासाठी का लढतो, हे विचारत गेलं की धर्म हा त्या गोष्टीतला एक धागा उरतो, अख्खं कापड नाही. आणि तरी माना वळल्याच, तर आवाज न चढवता म्हणायचं, "मुघल फळ्यावर आहेत. इकडं बघा." मी तेवढंच म्हणत असे. भाषण दिलं की ती पोर पुन्हा वर्गाच्या मधोमध येते.

सगळ्यांना सामावून घ्यायचा आणखी एक सोपा रस्ता शाळांना फार आवडतो. स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता'. एकाला फेटा, एकाला गोल टोपी, आणि आदिवासी म्हणून चार मुलींच्या तोंडाला काळा रंग, डोक्याला कोंबडीची पिसं. ज्यांच्या घरची भाषा गोंडी आहे त्या मुली खाली सतरंजीवर बसून हे बघतात. यात मी जास्त शिरत नाही. करू नका, एवढंच.

या सगळ्याला आता इंग्रजीत 'कल्चरली रेलेव्हंट पेडॅगॉजी' असं मोठं नाव आहे आणि प्रशिक्षणांत ते तुमच्या कानावर पडत असेल. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये त्याची चौकट मांडली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: मुलाला विषय पक्का यावा, त्याची स्वतःची संस्कृती त्यानं सोडावी लागू नये, आणि समाजातल्या विषमतेकडे त्याला चिकित्सकपणे बघता यावं. आपल्या प्रशिक्षणांत मधल्या गोष्टीचे तक्ते होतात, पहिली आणि तिसरी पिशवीतच राहतात. पण आपल्याला फार लांब जायची गरजही नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, ते बहुजनांच्या पोरांत मिसळत नाहीत. शिक्षक असे हवेत की ज्यांना नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला लाज वाटणार नाही, असं त्यांनी त्यात मांडलंय. मुलाच्या घरातल्या कामाची लाज शिक्षकाला वाटता कामा नये, हा मुद्दा मला त्या तीनही गोष्टींच्या आधीचा वाटतो.

लाजेवरून आठवलं. तुमच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरतात? बहुतेक ठिकाणी असं चालतं: भर तासाला शिपाई सूचनेची वही घेऊन येतो, वर्गशिक्षक वाचतात, "अमक्या प्रवर्गाची मुलं उभी राहा. जातीचा दाखला कोणी आणला नाही?" पाच-सात मुलं उभी राहतात. बाकीची मोजतात. समतेचा पाठ तुम्ही कितीही जीव तोडून शिकवा, समाजशास्त्राचा खरा तास तो असतो आणि तो वर्षातून तीनदा होतो. हे मात्र तुमच्या हातातलं आहे, उद्यापासून. सगळ्या मुलांना, अगदी सगळ्यांना, एकेक पाकीट द्या. ज्याला जे कागद आणायचे ते त्यात, बाकीच्यांचं आधारची झेरॉक्स नाहीतर रिकामं. पाकिटं परस्पर ऑफिसात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे, हे मुख्याध्यापकांना आठवण करून द्यायची वेळ येणार नाही, पण आली तर द्या.

आता मूळ पाठ. तो तुम्ही पुन्हा घ्या. सोडून देऊ नका, नाहीतर त्या मुलाला वाटेल की आपल्यामुळे तो पाठ बंद झाला.

सुरुवात मुक्ता साळवेपासून करा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग मुलगी, वय चौदाच्या आसपास, म्हणजे तुमच्या वर्गाएवढीच. मांग-महारांच्या दुःखावर तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल ती त्यात करते. निबंध मिळतो, दोन उतारे झेरॉक्स करा. मुलांना आधी भाषा अडेल, अडू द्या, शब्दांचे अर्थ फळ्यावर द्या. आणि मग प्रश्न काढा, पण प्रश्नांचं तोंड कुठे आहे ते बघा. 'तिला कसं वाटलं असेल?' हा आपला आवडता प्रश्न. तो विचारला की पुन्हा तिसऱ्या बाकाकडे माना. त्याऐवजी: हे नियम कोणी केले? मोडल्यावर शिक्षा कोण द्यायचं? पाळणाऱ्यांना त्यातून काय मिळायचं? कोणते नियम कोणत्या कायद्यानं संपले, कोणते अजून चालू दिसतात? अस्पृश्यता पाळणारी घरं होती म्हणून ती होती. संविधानाचं १७ वं कलमही तिचं पालन गुन्हा ठरवतं. मग साक्ष नेहमी सोसणाऱ्याच्याच नातवाची का?

इथं तुमचं महालातलं घर कामाला येईल. वर्गात कोणाच्या घरचं काढायचंच असेल तर तुमचं काढा. तुमच्याकडे आजीच्या काळी मोरीपाशी वेगळा कप होता का? कानतुटका, कामवालीचा, कधी इतर भांड्यांत न मिसळणारा? असेल तर दोन वाक्यांत सांगा. रडू नका, माफी मागत बसू नका, त्यातून धडा काढू नका. "आमच्या घरी असा कप होता, मी तो पाहिलाय" आणि पुढचा मुद्दा. वर्गातल्या बऱ्याच मुलांना आपापल्या मोरीपाशी ठेवलेलं काहीतरी आठवेल. हात वर करायला लावू नका.

मग नागपूर. पाठात जी नावं दुरून येतात ती आपल्याकडे चालत येण्याच्या अंतरावर आहेत. जुलै १९४२ मध्ये इथं अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा बाबासाहेबांचा पक्ष तिथंच ठरला. तिला जोडून २० जुलैला बायकांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब त्या बायकांसमोर बोलले: मुलींची लग्नं घाईनं करू नका, नवऱ्याच्या शेजारी मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहा, गुलाम म्हणून नको. हा उतारा वाचला की बघा, इतवारीतली, मोमीनपुऱ्यातली, जरीपटक्यातली प्रत्येक मुलगी ताठ होऊन बसते. कारण लग्नाची घाई प्रत्येकीच्या घरी माहितीची असते. तुम्ही बाबासाहेब त्या मुलाच्या घरात ठेवून आला होता. ते असे वर्गात आणायचे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं ते सांगितलंय: बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक इथले, इथून वाहणारी नदीही नाग. ते भाषण छापील मिळतं. एका शहराचं नाव हेच पुरावा म्हणून कसं वापरलं जातं, हे मुलांना दाखवायला याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही. त्याचा पुढचा धागा मी गृहपाठाला जोडत असे. 'तुमच्या घराण्याचा इतिहास लिहा' असा गृहपाठ कधी देऊ नका. कोणाच्या आजोबांचा वाडा असतो, कोणाच्या आजोबांचं काम सांगायला जीभ जड होते, कोणाला आजोबा ठाऊकच नसतात. 'तुमच्या मोहल्ल्याचं नाव कसं पडलं?' हा द्या. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी: बाजाराचे वार. मोमीनपुरा विणकरांचा. तेलीपुरा, लष्करीबाग, गड्डीगोदाम. जरीपटक्याची मुलं फाळणीनंतर तिथं आलेल्या सिंधी निर्वासितांवर येतात, कोणी न ढकलता. सगळी नावं शहराच्या नकाशावर टाचणीनं लावली की कोण कुठं का राहतं, हा प्रश्न कुठलं तरी मूल विचारतंच. तो नकाशानं विचारायला लावलेला असतो, आडनावानं नव्हे.

यातलं बरंचसं माझ्या वर्गात फसलंही आहे. मोहल्ल्याच्या नावावरून एकदा दोन पोरं मारामारीवर आली. एका वर्षी कपाच्या गोष्टीवर एक पालक तणतणत आले, 'मॅडम राजकारण शिकवतात.' तेव्हापासून मी एक करत असे, तेही सांगून ठेवते. जे वर्गात न्यायचं ते आदल्या आठवड्याच्या टाचणात लिहायचं, कोणता पाठ, कोणतं साधन, कोणता हेतू, आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. 'इतिहासाची साधने' हा पाठ पुस्तकात पहिलाच असतो, आपण तो दोन तासांत उरकून टाकतो. तो वर्षभर चालू ठेवलाय असं टाचणात दिसलं की वेळेच्या तक्रारीलाही उत्तर मिळतं आणि पालकांनाही. घटक चाचणीत एखादा प्रश्न साधनावर घाला. परीक्षेत येतं ते मुलं खरं मानतात, काय करता!

राहिला तो मुलगा. वर्गासमोर त्याची माफी मागू नका. तुमचं ओझं हलकं होईल, तो मात्र पुन्हा उभा राहील. त्याच्या आईला निरोप पाठवा, किंवा इंदोऱ्याला जाता आलं तर जाऊन या, ऑफ तास बघून. तिला सांगा की शब्द चुकला, मला आता कळलं. खुलासे नकोत. चहा दिला तर घ्या. मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात, दोन वाक्यांत: "मी तुला तसं उभं करायला नको होतं. चिडवतात ते मी बघते." आणि चिडवणाऱ्यांना खरंच बघा, एकेकाला बोलावून. तिथं तुम्ही कडक झालात तर माझी हरकत नाही. मग त्याला नेहमीचं काम द्या, वह्या गोळा करायचं, नकाशा टांगायचं, जे इतरांना देता तेच. १४ एप्रिलचं भाषण त्याच्याकडून बसवून घेऊ नका. त्यानं मागितलं तर गोष्ट वेगळी.

सीताबर्डीच्या तासासाठी किल्ला प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर तो लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी उघडतो तो शिरस्त्यानं २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. १ मेला शाळेला सुट्ट्या असतात, पावसाळ्यात टेकडी निसरडी, म्हणून मी २६ जानेवारी धरत असे. ध्वजवंदन आटोपलं की लगेच निघायचं, नंतर रांग फार लांबते. ५८ मुलांना दोन मॅडम पुरत नाहीत. तिसरे म्हणून तुमच्या त्या ज्येष्ठ सरांना बरोबर घ्या. टेकडीवर चढल्यावर कोण कुठून लढलं हे त्यांनाच सांगायला लावा, त्यांना ते पाठ असेल. पगाराचा प्रश्न मुलं विचारतील.